गाणं संपवणारी बाई

हिरामावशीसमोर ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. “बघू काय बघू? कर, नायतर नको करूस,” ती म्हणायची, आणि म्हणताना हातातलं काम थांबवायची नाही. काम म्हणजे एकतर सुपात तांदूळ पाखडणं, नाहीतर काँप्युटरवर गाणं बांधणं. दोन्ही कामं शेणव्यातल्या तिच्या घराच्या एकाच पडवीत चालत. पडवीच्या टोकाला कुडाची भिंत घालून तिनं खोली केली होती. आतून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, त्यांवर जुन्या गोधड्या टांगलेल्या. खोलीत एक काँप्युटर, दोन काळे स्पीकर, एक जुना कॅसिओ आणि पाटावर बसून काम करणारी साठीची बाई. पलीकडे गोठा. रेकॉर्डिंगच्या वेळी म्हैस लांब आंब्याखाली बांधायची असा नियम होता, तरी दोन-तीन गाण्यांत ती आलीच आहे.

शहापूरपासून मुरबाडपर्यंत हळदीच्या मांडवात आणि मिरवणुकीत जी नाचायची गाणी वाजत, त्यांतली बरीच या खोलीतून निघालेली असत. ऐकणाऱ्याला वाटे, हे काम केस रंगवलेल्या, गॉगल लावलेल्या कुणा डीजेचं. पण गाणं सुरू व्हायच्या आधी एक भसाडी आरोळी यायची, “हिरा वेखंडे, शेणवा!” आणि मग ढोल पडायचा.

मी तेव्हा शहापूरच्या एका कॉलेजात काँप्युटर शिकवायचे. इलेक्ट्रॉनिक संगीताचा नाद मला नोकरीच्या आधीपासूनचा. कॉलेज सुटलं की खोलीवर यायचं, कानांना हेडफोन लावायचा आणि लॅपटॉपवर सुरावर सूर चढवत बसायचं. सुरुवाती मला फार छान जमत. चाळीसेक गाणी साठली होती आणि त्यांतलं एकही दीड मिनिटाच्या पुढे गेलेलं नव्हतं. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’. कुणी ऐकव म्हटलं की मी म्हणायचे, अजून थोडं बाकी आहे.

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये मुलींच्या नाचाला संगीत करून द्यायचं मी तोंड वर करून कबूल केलं. तीन आठवडे झाले तरी गाणं एक मिनिट दहा सेकंदांवर अडलेलं. मुली तेवढ्याच तुकड्यावर नाच बसवून थकल्या. शेवटी आमच्या कॉलेजचे शिपाई भोईरमामा मला म्हणाले, “मॅडम, तुमी शेणव्याला जा. आमची हिरामावशी हाय तिकडं. अडलेलं गाणं सोडवून देते.”

अडलेली म्हैस सोडवणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं ते बोलले. मला थोडा रागच आला. पण गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं, म्हणून गेले.

मी पोचले तेव्हा मावशी तांदूळ निवडत होती. मी गाणं लावलं. तिनं सुपातून मान वर केली नाही. एक मिनिट दहा सेकंद झाले, गाणं तुटलं.

“पुढं?”

“पुढचं सुचत नाहीये.”

“किती जणं वाजवतात यात?”

मी पडदा तिच्याकडे वळवला. एकावर एक रचलेल्या बासष्ट पट्ट्या. प्रत्येक पट्टीत एक वाद्य, एक आवाज, एक आवाजाची सावली. मला त्या गर्दीचा अभिमान होता.

मावशीनं सूप खाली ठेवलं. “मांडवात चाळीस बाया बसल्या तरी धवला, लग्नातलं गाणं, कोण उचलते? एकटी धवलारीण. बाकीच्या मागनं येतात. तुझ्या गाण्यात सगळ्याच धवलारणी. कोणाच्या मागनं जायचं ऐकणाऱ्यानं?”

मग ती माझ्याशेजारी बसली आणि एकेका पट्टीवर बोट ठेवून विचारायला लागली, “ही गेली तर कोणी रडेल?” मी म्हणायचे, ती छान आहे पण. ती म्हणायची, “छान हाय ते दिसतंय. रडेल का कोणी?” तासाभरात पाच पट्ट्या उरल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

काढलेलं तिनं फेकू दिलं नाही. तिच्या काँप्युटरवर एक कप्पा होता, त्याचं नाव ‘सरवा’. भात कापून नेल्यावर शेतात पडलेल्या लोंब्या वेचतात, तो सरवा. वर्षानुवर्षांच्या गाण्यांतून गळलेले तुकडे तिनं तिथं ठेवले होते. “सुचत नाय म्हणून बोंबलत बसायचं नाय. सरव्यात जायचं. मूठभर तरी मिळतंच.” माझ्यासाठी तिनं त्यातून एक ढोलाचा तुकडा काढला, माझ्या पाच पट्ट्यांखाली ठेवला, आणि तीन आठवडे अडलेलं गाणं मुकाट्यानं पुढे चालायला लागलं.

शेवटाला मी आवाज हळूहळू कमी करत नेला. सगळेच करतात तसं. मावशीनं माझा हात धरला.

“हे काय? पाव्हणा न सांगता मागल्या दारानं जातो तसं? उंबऱ्यावर उभं ऱ्हायाचं, येतो म्हणायचं, मग जायाचं.”

साडेपाचची एसटी होती. ती म्हणाली, “गाडी यायच्या आत शेवट लाव, नायतर हे डबडं इथंच ठेवून जा.” डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. मी शेवट लावला. तीन ठोके आणि बंद. गॅदरिंगला मुलींचे पाय त्या तिसऱ्या ठोक्यावर एकदम आपटले आणि सगळं सभागृह दचकलं. आमच्या एका सरांनी नंतर नाक मुरडलं, गाणं एकदमच संपलं म्हणाले. मी ते मावशीला सांगितलं. ती खूश झाली. “म्हणजे संपलं ते कळलं ना त्याला?”

त्यानंतर मी दर शनिवारी शेणव्याला जायला लागले. ‘मॅडम’ची ‘वैशाली’ झाले आणि महिन्याभरात ‘वैशे’.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि तीही तिच्या तोंडून कमी, शेजारणींकडून जास्त. तिचा थोरला भाऊ अनंता बेंजो वाजवायचा, त्याची बेंजो पार्टी होती. हिरा सतरा वर्षांची असताना ऐन लग्नात कॅसिओवाला आला नाही. भावाचं ऐकून ऐकून तिला सगळ्या चाली येत होत्या. ती उठली आणि कॅसिओमागे जाऊन उभी राहिली. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. नवऱ्याकडची मंडळी म्हणाली, पोरीला खाली बसवा. अनंता म्हणाला, “ती बसली तर आमी पण बसतो.” हिरा वाजवत राहिली.

पुढे लग्न झालं, वर्षभरात परत आली. कारण विचारलं की एकच उत्तर द्यायची, “कॅसिओ नेऊ देत नव्हते. मग मीच कशाला जाऊ?”

वीस-बावीस वर्षं तिनं पार्टीत वाजवलं. मग एका दिवाळीनंतर भातगिरणीत पट्ट्यात हात गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरेपर्यंत लग्नसराई सुरू झाली आणि अनंतानं मुरबाडचा एक पोरगा कॅसिओवर उभा केला. त्याचंही काही चुकलं नव्हतं, सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. पण हिरामावशी अख्खा पावसाळा भावाशी बोलली नाही. आवणाला दोघं एकाच शेतात, पाठीला पाठ लावून रोपं लावत होती म्हणे.

दसऱ्याच्या सुमाराला शहापूरचं एक सायबर कॅफे बंद पडलं. अनंता गेला आणि तिथला एक जुना काँप्युटर मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. तिच्या पडवीत ठेवला. म्हणाला, “याला दोन बोटं पुरतात. तुला तीन हायत.” बोलणं परत सुरू झालं ते असं.

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या सॉफ्टवेअरातली सगळी बटणं इंग्रजी. तिनं एकेक दाबून पाहिलं आणि काय होतं ते ऐकून नावं ठेवली. ज्यानं आवाज खोल, ओला होतो ती ‘विहीर’. ज्यानं आवाज लांबून परत येतो ती ‘माहुली’, कारण माहुलीच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारली की तशीच परत येते. तोच तुकडा फिरवत ठेवतं ते ‘जातं’. मी पदवी घेऊन शिकलेली नावं तिला सांगितली, तर म्हणाली, “तुझी नावं ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझ्या नावांनी आवाज येतोय ना?” आता मी वर्गात शिकवतानाही कधीकधी चुकून ‘विहीर जरा कमी कर’ म्हणते.

गाणं अडलं की तिचे काही ठरलेले उपाय होते. एक सरव्याचा. दुसरा म्हणजे स्पीकरचं तोंड अंगणाकडे करून अर्धं गाणं मोठ्यानं लावायचं आणि स्वतः बोअरिंगवर पाणी भरायला जायचं. पाण्याच्या रांगेत बाया बोलत असायच्या. ज्या जागी त्यांचं बोलणं वाढायचं, ती जागा कच्ची. मला तिनं हे करायला लावलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. अर्धवट गाणं लोकांना ऐकवायचं! “लाज वाटते,” मी म्हणाले.

“कुठं वाटते?”

“म्हणजे?”

“गाण्यात कुठल्या जागी लाज वाटते? तिथंच दुरुस्ती लागेल.”

आणि खरोखरच, रांगेत हंडा घेऊन उभी असताना मला नेमक्या दोन जागी मान खाली घालावीशी वाटली. त्या दोन जागा बदलल्या. त्या वर्षात माझी अकरा गाणी पुरी झाली. त्यांतली तीन बरी होती. मावशीला हे प्रमाण फारच चांगलं वाटलं. “रोप वाफ्यात ठेवून पिवळं पडतं गो. लावून टाकायचं. काय जगेल, काय मरेल. वाफ्यात तर सगळंच मरतं.”

तिच्या त्या आरोळीवरून एकदा मोठं रामायण झालं. मुरबाडकडचा एक डीजेवाला तिच्याकडून गाणं बनवून न्यायला आला. बडी आसामी, टेम्पोभर स्पीकर. गाणं त्याला आवडलं. म्हणाला, “मावशी, फक्त ते नाव काढ. वरातीत पोरं नाचतात, मधेच बाईमाणसाचं नाव आलं की मजा जाते.”

“मग गाणं पण बाईमाणसाचंच हाय. ते पण ठेव इथंच.”

तो हसला, बरं बरं, राहू दे नाव, म्हणाला, आणि घेऊन गेला. आठवड्यानं तेच गाणं एका लग्नात वाजलं, आरोळी कापलेली. मावशीला तिच्या भाचीनं फोन करून सांगितलं. पुढच्या लग्नाची तारीख तिनं शोधून काढली. शनिवार होता, मी पडवीत होते. म्हणाली, “चल, मुरबाडला जायचंय.” कशाला ते सांगितलं नाही. चांगलं लुगडं नेसली.

भर दुपारची नवरदेवाची मिरवणूक. टेम्पोपुढे पन्नास पोरं नाचत होती. मावशी त्यांच्यामधून सरळ चालत गेली. पोरं आपोआप बाजूला झाली, वयाकडे बघून. टेम्पोच्या पायरीवर चढली, डीजेवाल्याच्या हातातला माईक काढून घेतला. त्याला वाटलं नवऱ्याची आत्या असेल, काहीतरी नाव पुकारायचं असेल. तेच गाणं नव्यानं सुरू होत होतं; तिनं ढोल पडायच्या नेमक्या आधीची जागा गाठली आणि ओरडली, “हिरा वेखंडे, शेणवा!”

ढोल पडला. पोरांनी कधी नव्हे एवढी उडी मारली.

मावशीनं माईक त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, “कापलंस तिथं मी दर लग्नाला येऊन वराडीन. गाडीभाडं नाय घेणार.” खाली उतरली, मला म्हणाली, “चल, जेवून जाऊ. पंगत बसलीय.” आणि आम्ही त्या लग्नात खरंच जेवलो. पुढच्या लग्नात आरोळी होती असं भाचीनं कळवलं.

एवढं सगळं असताना मला वाटायचं, या बाईला अडणं म्हणून काही माहीतच नाही. ते खरं नव्हतं.

एका शनिवारी ती गोठ्यात होती आणि मी सरव्यात काहीतरी शोधत होते. तिथं एक फाइल दिसली, ‘दादा’. मी लावली. नुसता बेंजो. अशी लखलखीत चाल मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. दोनेक मिनिटांनी टणकन आवाज झाला, तार तुटली. मग एका पुरुषाचं हसू, आणि, “थांब गो, तार लावून येतो.” पावलं लांब गेली. पुढे काही नाही, फक्त खोलीची शांतता आणि लांबून म्हशीचं हंबरणं.

मागे वळले तर मावशी दारात उभी.

तिनं दारातूनच सांगितलं. अनंता तार आणायला घरी गेला होता. वाटेत कुणी तरी बोलावलं, राहून गेलं, उद्या येतो म्हणाला. दोन दिवसांनी शेतावर छातीत कळ आली आणि संपला. त्याला तीन वर्षं झाली होती. मावशीनं त्या तुकड्याचं गाणं करायला दहा वेळा घेतलं आणि दहा वेळा सोडलं. तार तुटायच्या आधी कापून बघितलं, तुटण्यावर ढोल ठेवून तो आवाज झाकून बघितला. काहीच बसत नव्हतं.

मी न राहवून म्हणाले, “मावशी, तुम्हीच म्हणता ना, वाफ्यात ठेवलं की...”

“उठ,” ती म्हणाली.

“मावशी, मी—”

“उठ म्हटलं ना. माझीच अक्कल मला नको शिकवूस. तो थांब म्हणून गेलाय. मी थांबलेय. तुला काय करायचंय? जा घरी.”

मी गेले. पुढचे दोन शनिवार गेले नाही. फोन केला तर उचलला नाही. भोईरमामांकडून कळलं की मावशीनं आलेली कामंही परत पाठवली, खोलीला कडी घालून बसली आहे, तांदूळ पाखडते आणि बाकी काही करत नाही. मला अपराध्यासारखं झालं. तिचं दुखणं मी उघडं केलं होतं, तेही तिच्याच शब्दांनी.

तिसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “म्हशाला जत्रेला येतेस का? उद्या. सकाळच्या गाडीनं ये.”

मुरबाडजवळच्या म्हसा गावची ही जत्रा पौषातली, थंडीची. बैलबाजार, घोंगड्या, भांडी, खाजा, धुरळा. मावशी मला घेऊन कुठंच न थांबता सरळ आकाशपाळण्याकडे गेली. पाळणेवाल्याचे दोन मोठे कर्णे बांबूवर चढवलेले होते आणि त्यांतून जुनी गाणी चालली होती. मावशीनं पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला आणि त्याला म्हणाली, “हे लाव. एकदाच. नाय आवडलं तर परत दे.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “नाचायचं गाणं हाय का?”

“लाव तर.”

त्यानं लावलं. आरोळी नव्हती. सरळ बेंजो सुरू झाला, ती लखलखीत चाल, मोकळ्या मैदानावर. खाली तिनं फक्त एक संथ ढोल ठेवला होता. पाळणा फिरत होता. मावशी हाताची घडी घालून उभी होती. बैलांच्या रांगेकडून एक म्हातारा काठी टेकत आला, मान वाकडी करून ऐकत. “अनंता वेखंडेचा हात हाय ना हा?” त्यानं कुणालाच न विचारता विचारलं. मावशीनं नुसती मान हलवली.

मग तार तुटली. हसू आलं. “थांब गो, तार लावून येतो.” कर्ण्यांतून ते सगळ्या जत्रेला ऐकू गेलं, आणि मग काहीच नाही.

पाळणेवाल्याला वाटलं गाणं बिघडलं. त्यानं बटणाकडे हात नेला. मावशीनं त्याचं मनगट पकडलं.

“हात नको लावू. पुढं हाय.”

त्या शांततेत मला पाळण्याच्या साखळ्यांची करकर ऐकू आली. मग तीच चाल परत उठली, बेंजोवर नाही, कॅसिओवर. तीन बोटांनी वाजवलेली. जिथं पाच बोटांचा पल्ला लागतो तिथं ती उडी मारत होती, धापा टाकल्यासारखी, आणि तरी एकही सूर सोडत नव्हती. खालचा ढोल दुप्पट झाला. काँप्युटरवर अडखळलेले सूर सरळ करून घेता येतात, चुका पुसता येतात. तिनं काहीही पुसलं नव्हतं. चाल शेवटाला गेली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि तीन ठोक्यांवर बंद झाली.

पाळण्यातली पोरंसोरं वरून ओरडत होती, त्यांना काही फरक पडला नव्हता. तो म्हातारा मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा होता. पाळणेवाला म्हणाला, “मावशी, पेनड्राइव्ह ऱ्हाऊ दे का? दिवसभर लावतो.”

“ऱ्हाऊ दे,” मावशी म्हणाली.

आम्ही लांब येऊन एका घोंगडीवाल्याच्या सावलीत बसलो. तिनं पायांवरचा धुरळा झटकला. मग म्हणाली, “तू गेलीस त्या दिवशी लय चिडले होते तुझ्यावर. मग बसून विचार केला. थांब, थांब. मांडवात म्हातारे बोलले थांब. सासू बोलली थांब. हात गेला तेव्हा डाक्टर बोलला, आता थांबा. सगळ्यांना धुडकावलं मी. एकटा दादाच कधी थांब बोलला नव्हता, आणि त्याचंच ऐकत बसले तीन वर्षं.” तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहत होते तसे वाहू दिले. “नाय थांबत. तो असता तर शिव्या घातल्या असत्या त्यानं. तार तुटली म्हणून कोणी लग्न थांबवतं काय?”

मग उठली आणि घोंगडीवाल्याशी हुज्जत घालायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, शहापूर सुटलं. श्रावणात मावशी गेल्याचा भोईरमामांचा फोन आला. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं म्हणाले. तिच्या काँप्युटरवर एकही गाणं अर्धं नव्हतं, हे मी नंतर जाऊन पाहिलं.

तिला मी शेवटची पाहिली ती त्याआधी, वैशाखात, शहापूरच्या एसटी स्टँडवर. मुरबाडच्या पलीकडच्या एका वाडीतल्या बायांनी स्वतःची बेंजो पार्टी काढायचं ठरवलं होतं आणि त्यांना शिकवायला मावशी आठवड्यातून दोनदा जात होती. त्या दिवशी तिच्याबरोबर कमरेएवढा एक स्पीकर होता. कंडक्टर म्हणत होता, “आजी, हे आत नाय चालणार. टपावर टाका.”

“टपावर फुटतो.”

“मग टेम्पोनं न्या.”

“टेम्पोवाले वाडीपर्यंत येत नाय, एसटी जाते.”

“नियम नाय आजी. पुढच्या गाडीनं बघा.”

मावशीनं स्पीकर ओढला, बसच्या तोंडापुढे नेऊन ठेवला आणि त्यावर बसली. पदर सावरला. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. तिनं वळूनही पाहिलं नाही. बसमधल्या बाया खिडक्यांतून ओरडायला लागल्या, घ्या ना मावशीला, उशीर होतोय. दहा मिनिटं गेली. मग कंडक्टर खाली उतरला आणि त्यानं आणि ड्रायव्हरनं मिळून तो स्पीकर उचलून आत नेला, पहिल्या बाकावर, खिडकीशी ठेवला.

मी हात केला. तिनं पाहिलं की नाही, माहीत नाही. घंटी वाजली, बस मुरबाडच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मला दिसलं, कुणीतरी उठून तिला जागा देत होतं, आणि ती दांडीला धरून उभ्या उभ्याच नको नको म्हणत होती.